मतपत्रिकेवरचं दुसरं नाव

मी लिहावं एवढा माझा अधिकार नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. अमेरिकेबद्दल मला जे माहीत आहे ते बारामतीच्या कॉलेजच्या लायब्ररीतलं आणि मोबाइलवरचं. चुकलं तर सांगा. पण मला राग आलाय आणि तो कुठं ठेवावा हे कळत नाही, म्हणून लिहितो.

राज्यशास्त्राच्या सरांनी सेमिनारच्या विषयांच्या चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर होतं, ‘अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार कसा निवडतो?’

शेजारचा मित्र म्हणाला, "मेलास. मला जिल्हा परिषद आलीय, बदलतोस का?"

बदलली असती. पण वाचायला लागलो आणि सगळं ओळखीचं वाटायला लागलं. मुख्य उमेदवार म्हातारा असला की जोडीदार तरुण बघायचा. तो शहरातला असला तर हा शेतीवाल्या राज्यातला. पुरुष असला तर कधी शेजारी बाई उभी करायची. आपल्याला जिथली मतं पडत नाहीत, तिथलं माणूस शोधायचं. हे तर आमच्या गावच्या पॅनलसारखंच होतं.

कारण त्याच दिवसांत आमच्याकडं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढं. कालव्याच्या एका बाजूला गावठाण, दुसऱ्या बाजूला आमची वस्ती. पॅनलच्या प्रमुखांना सगळे आबा म्हणतात. त्यांचा थोरला मुलगा सरपंचपदाला उभा होता. गावठाण त्याच्या मागं होतं, वस्ती नव्हती. आणि वस्तीवर माझ्या आईचा शब्द चालतो. उसात खुरपणीला जाणाऱ्या बायकांची टोळी ती चालवते. कुणाच्या रानात आज जायचं आणि कुणाला चार दिवस थांबवायचं, ते तीच ठरवते.

आबा आमच्या अंगणात येऊन बसले आणि आईला म्हणाले,

"ताई, बायकांच्या राखीव जागंवर तुमी उभ्या ऱ्हावा. निवडून आलं की उपसरपंच तुमीच."

"आबा, मागनं फिरू नगा. बायका मला धरत्याल."

आबांनी तिला देवळात नेलं आणि हातात बेलाचं पान आणि भंडारा घेऊन शब्द दिला. आमच्याकडं त्यापुढं कुणी कागद मागत नाही.

मी मागितला. म्हणजे भीत भीत विचारलं. "आबा, अमेरिकेत दुसऱ्याचं नाव मतदानाआधीच जाहीर करतात. मतपत्रिकेवर दोघांची नावं सोबत असतात, एकच मत दोघांना जातं. मोजणी झाल्यावर ते नाव बदलता येत नाही. आपण निदान फ्लेक्सवर आईच्या फोटोखाली ‘भावी उपसरपंच’ छापूया का?"

आबा मांडीवर थाप मारून हसले. "आलं बघा वॉशिंग्टन कालव्यापल्याड! आरं, हितं उपसरपंच सभंत ठरतो. तू पेपर लिही."

सगळे हसले. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो.

वस्तीनं एकगठ्ठा मतं दिली. थोरला सरपंच झाला, आई आणि आबांची धाकटी सून सदस्य झाल्या, पॅनलला जेमतेम बहुमत मिळालं. मग सहल निघाली. आमच्याकडं निकालानंतर सदस्य फुटू नयेत म्हणून त्यांना गाडीत घालून लांब नेतात, मोबाइल काढून घेतात आणि उपसरपंच निवडायच्या सभेला थेट ग्रामपंचायतीच्या दारात आणून सोडतात. निवडून आलेली बाई असली तर तिचा नवरा जातो. बाई घरी आणि तिचं मत गाडीत, असा हा रिवाज आहे आणि त्यात कुणाला काही खटकत नाही.

आईला खटकलं. तिनं पिशवी भरून ठेवली होती. "निवडून मी आलीया. जाणार बी मीच."

आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "एवढ्या बाप्यांत तू एकटी? लोक काय म्हणत्याल?"

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. घरात शिकलेला मीच. सेमिनार तोंडावर होता, मला भांडण नको होतं. मी म्हणालो, "आई, जाऊ देत आण्णांना. सभेत हात तर तुझाच वर होणार ना?"

आईनं पिशवी रिकामी केली. एवढं शहाणपण मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं होतं?

चार दिवस आण्णांचा फोन बंद. पाचव्या दिवशी माझा सेमिनार आणि त्याच वेळी गावात सभा. फळ्यासमोर उभा राहून बोललो. शेवटी सरांनी विचारलं, "समज, मुख्य उमेदवारानं आपल्या मतांसाठी कुणाला जोडीदार हो म्हटलं. त्या माणसाला नाही म्हणता येतं का?"

"येतं सर. निवडणारा एकटा असला तरी संमती दोघांची लागते." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला खरंच वाटलं, की आपल्याला काहीतरी समजलंय.

दुपारी स्टँडवर भवानीनगरच्या गाडीची वाट बघत आईला सात वेळा फोन लावला. उचलला नाही. मग आण्णांचाच आला. मागं हलगी वाजत होती.

"बाळा, झालं बघ. बिनविरोध!"

"आई झाली ना?"

"न्हाय रं. आबांची धाकली सून झाली. तिकडं गाडीतच ठरलं समद्यांचं. मीबी व्हय म्हणलो."

"एकाच घरात दोन्ही पदं? आणि आई काहीच बोलली नाही?"

"ती काय बोलणार? मी शब्द देऊन आल्तो न्हवं. धाकल्या सुनंच्या फॉर्मवर सूचक म्हणून सही तुझ्या आईचीच हाय."