अर्जातली मोगलाई

चाचा वारले, त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी बोरी अरबला गेलो. जेवणं आटोपून सतरंज्या गोळा होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या मुलीनं मला मागच्या दाराशी बोलावलं. ती दारव्ह्याला शाळेत शिकवते. कापसाच्या रांगेचं काम अब्बांनी असं एकाएकी का सोडलं, हे तिला विचारायचं होतं. घरी त्यांनी ते कधी सांगितलं नव्हतं. गावात मात्र कुणीकुणी म्हणत आलं होतं, की चाचांनी ओळखीच्यांच्या बैलबंड्या पुढे घेतल्या, म्हणून लोकांनी त्यांच्याकडून रांगेची वही काढून घेतली.

"तुमी तवा तिथं होते, सर," ती म्हणाली. "अब्बानं तसं केलतं का?"

नाही, म्हणालो. तेवढं सोपं होतं. पुढचं मात्र सुरुवातीपासून सांगावं लागलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. खरेदी केंद्राबाहेर बंड्या चार-चार दिवस उभ्या राहत. काटा एक दिवस चाले, दोन दिवस बंद. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर बोटं घालून कापूस ओला म्हणे आणि बंडी माघारी जाई. बैल, कडबा, चुली, सगळं रस्त्याच्या कडेला. अशा रांगेला धरून ठेवणारं कुणी लागतं. आमच्याकडे रीत होती, की ज्याचा स्वतःचा कापूस रांगेत नाही त्याच्याच हाती रांगेची वही द्यायची. चाचा पिंजारी. गाद्या-रजया भरत, शेत नव्हतं. म्हणून वही त्यांच्याकडे आली. बंडी आली की ते तिच्या फळीवर कोळशानं आकडा टाकत आणि वहीत नाव लिहीत. सरपंचाची ट्रॉली मागून आली तर मागेच राहिली. कापूस कोरडा की ओला हे त्यांच्या बोटांना इतकं कळे, की ग्रेडरसुद्धा कधी कधी निकाल देण्याआधी त्यांच्या तोंडाकडे बघे.

मी तेव्हा नवा मास्तर होतो. आमची बंडीही रांगेत होती. पुस्तकं वाचतो म्हणून कलेक्टरांना द्यायचा अर्ज लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. ग्रेडरच्या मनमानीबद्दल मी दोन पानं लिहिली आणि शेवटी एक वाक्य घातलं: केंद्रावर निव्वळ मोगलाई माजली आहे. ते वाक्य मला फार आवडलं.

शब्द मी कुठून घेतला तेही आठवतं. अग्रलेखांत तो असे. वर्गात गोंधळ झाला की आमचे हेडमास्तर तोच वापरत. मुळात मोगलांचं राज्य, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडची जुनी माणसं पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखालाही मोगलाई म्हणत. लेक मोगलाईत दिली, असं सहज बोलत, त्यात कडवटपणा नसे. चाचांचं आजोळ तिकडचं, तेही तसंच म्हणत. अर्जात मात्र तो अंदाधुंदी म्हणून बसला. कोशात हे सगळे अर्थ आहेत आणि मी कोश उघडणारा माणूस होतो. एका घराण्याच्या राज्याचं नाव शिवीसारखं वापरताना समोर कोण उभं आहे, एवढं मी बघितलं नाही.

अर्ज मोठ्यानं वाचायचा आणि पहिली सही वहीवाल्याची, अशी पद्धत. मी वाचला. चाचांनी उर्दूत सावकाश सही केली आणि टोपण लावून पेन मला परत दिलं.

दुसऱ्या दिवशी एका ट्रॅक्टरवाल्या पोरानं मध्येच घुसायचं बघितलं. चाचांनी त्याला शेवटी पाठवलं. तो जाता जाता म्हणाला, "काहून चाचा, तुमची मोगलाई हाय का हे? मास्तरनं लिहलं ते काही खोटं नाही."

लोक हसले. दुपारपर्यंत ते रांगभर पसरलं. नंबर विचारायला येणारा प्रत्येक जण मोगलाईत आमची पाळी कधी, असं विचारू लागला. सुरुवातीला चाचाही हसले. मीही हसलो. भीतीनं नाही. माझा शब्द लोकांच्या तोंडी बसला याचं मला बरं वाटत होतं.

ऊन उतरायच्या आत चाचांनी वही पहिल्या बंडीवाल्याला दिली, गुडघे दुखतात म्हणाले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. नव्या वहीवाल्यानं आपल्या सोयऱ्यांच्या बंड्या पुढे काढल्या. ते अंगाशी येऊ लागलं तेव्हा चाचाही तेच करत होते, असं सांगणं त्याला सोयीचं झालं. चहाच्या टपरीवर ते मी माझ्या कानांनी ऐकलं. खोडायचं तर त्यांनी वही का सोडली हे सांगावं लागलं असतं, आणि मग माझं वाक्य आलं असतं. मी चहा पीत राहिलो.

वडिलांना मात्र सगळं कळलं. त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा जातीचं जुनं नाव मागं टाकलं होतं. गावातले काही जण भांडणात ते मुद्दाम काढत आणि त्या रात्री वडील ताटावरून उठत. ते मला एवढंच म्हणाले, "तुले आपल्या नावाचं मालूम नाही का?"

पुढे दर दोन-तीन वर्षांनी मी चाचांकडून रजई भरून घेतली. प्रत्येक वेळी बोलायचं ठरवून गेलो. ते माझ्या मुलांचं शिक्षण विचारत, मी सांगे आणि रजई घेऊन परत येई.

हे सगळं मी चाचांच्या मुलीला सांगितलं. शेवटी तिनं रांगेत किती बंड्या होत्या, एवढं विचारलं. पन्नास-साठ, मी म्हणालो.

"मंग मले एकटीले सांगून काय होते, सर? अब्बा तसे नव्हते हे मले मालूमच होतं. ज्याइले तसं वाटते त्याइले सांगा."

बाहेर ओट्यावर सात-आठ माणसं बसली होती. त्यांतली तिघं त्या रांगेतली. मला बघून त्यांनी सरकून जागा केली. मी बसलो. सोयाबीनचा विषय निघाला, तेव्हा मीही त्यावर दोन वाक्यं बोललो. मग एसटीची वेळ झाली, म्हणून उठलो.

आता हे लिहितो आहे. ओट्यावरची ती माणसं पुस्तकं वाचत नाहीत, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं.