पिशवी काढल्यानंतर

बेचाळिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. सोबत दोन्ही अंडाशयंही. "आता कटकट संपली," असं नाशिकचे डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे आभार मानले आणि महिन्याभरानं सायखेड्याच्या शाळेत पुन्हा शिकवायला लागले. सहा महिन्यांत सकाळी बोटं वळेनाशी झाली. खडू धरवेना. मग खांदे, गुडघे, टाचा.

त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला. "रिपोर्ट नॉर्मल आहेत मॅडम. या वयात बायकांना असं वाटतं. मन रमवा, भजनाला जा." हे सगळं मोबाइलवर बोट फिरवत.

"ऑपरेशनमुळे तर नसेल?" मी विचारलं.

ते हसले. माझं पोट उघडून आतलं काढून घेणाऱ्या माणसाला, पुढे माझं काय झालं याची साधी उत्सुकताही नव्हती.

घरी नवरा त्यांच्याही वरचढ. ओझरच्या कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासायची त्याची नोकरी. केसाएवढी चीर त्याला दिसायची. बायको भिंतीला धरून उठते, हे बारा वर्षं दिसलं नाही. "हिचं रोज नवीन काहीतरी असतं," असं पाहुण्यांना सांगायचा आणि तेही हसायचे. त्यांच्यापुढे चहाचा ट्रे धरून मीच उभी असायचे.

मग त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पुरुषी हार्मोन थांबवणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी सुरू झालं. दुसऱ्या इंजेक्शननंतर त्याचे सांधे धरले, अंगातून वाफा निघायला लागल्या. पलंगावर बसून तो चक्क रडला. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्या डॉक्टरांसमोर होतो. ते तरुण, सरळ बोलणारे.

"काका, हार्मोन एकदम कमी झालं की काहींना असं दुखतं. हे मनाचे खेळ नाहीत."

"आणि बाईची अंडाशयं काढली तर?" मी विचारलं.

"तिलाही होऊ शकतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

परतताना रिक्षात तो हळूच म्हणाला, "अगं, तुलाही असंच व्हायचं का?"

"बारा वर्षं सांगतेय."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काहीही वाटलं नाही."

पुढच्याच आठवड्यात मी एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धा तास ऐकून घेतलं. हार्मोनच्या गोळ्या आता इतक्या वर्षांनी नकोत, म्हणाल्या. दुखण्याचं वेगळं औषध आणि व्यायाम दिला. दुखणं गेलं नाही, पण निम्म्यावर आलं. फळ्यावर आता सलग दोन ओळी लिहिता येतात.

नवरा सध्या सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना हार्मोन समजावून सांगतो, जणू त्यानंच शोध लावला. त्याची औषधं मी वेळेवर देते, तपासणीला सोबत जाते. परवा म्हणाला, "जरा पाय चेपून दे."

"माझी बोटं दुखतात," मी म्हटलं, आणि वह्या तपासत बसले.