पुलिया नंबर तीन

माझी तिसरी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका डोंगरी रस्त्यावर होती. रस्त्याचं आणि पलटणीचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या सेक्शनकडे चार किलोमीटरचा तुकडा होता. रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास लष्करी गाड्यांचा ताफा, म्हणजे कॉन्व्हॉय, तिथून जायचा. त्याआधी आम्ही तो रस्ता पायी तपासायचो. उकरलेली माती, दगडांचे नवे ढीग, आणि रस्त्याखालच्या पाच मोऱ्या. मोरीला तिथे सगळे पुलिया म्हणत. पुलिया वरून बघायची नसते. खाली उतरायचं, वाकून आत शिरायचं, दुसऱ्या तोंडानं बाहेर यायचं आणि मग रेडिओवर 'क्लिअर' म्हणायचं. नियम एवढाच आहे.

मी रिठदचा. आता फौजेतून बाहेर आहे. डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. एकतिसाव्या वर्षी रिसोडला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसतो. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला. वर्गातली मुलं मला फौजी दादा म्हणतात. गावानं पंधरा ऑगस्टला माझा दोनदा सत्कार केला. कॉलेजच्या अंकासाठी मॅडमनी लिहायला सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो होतो. मला नीट लिहिता येईल की नाही, माहीत नाही. घडलं तसं लिहितो.

याकोब माझ्याच तालुक्यातला, केनवडजवळच्या एका वस्तीवरचा. लान्स नायक होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनिअर. सेक्शनमध्ये बाकी सगळे हिंदी बोलायचे. आम्ही दोघंच वऱ्हाडी. तो ख्रिस्ती होता. बाप लहानपणी वारलेला, आई ब्लाऊज शिवून घर चालवायची. रोज सकाळी फॉल-इनच्या, म्हणजे हजेरीच्या, आधी तो टोपी काढून दोन मिनिटं प्रार्थना करायचा. आम्ही त्याला पादरी म्हणायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे.

"काय पादरी, आज देवानं काय सांगतलं?"

"सांगतलं का, रिठदवाला उठत नाही. त्याले दोन लाथा जास्त घाल."

तो चिडायचा नाही, हीच माझी अडचण होती. एकदा बंकरमध्ये बापाचा विषय निघाला. बाबा पुन्हा भेटतील, असं तो सहज बोलून गेला. मावशीकडे जाऊन येतो म्हणावं, तसं.

मी म्हणालो, "मेलेला मानूस भेटते काय कुठी?"

"भेटते."

"कवा?"

"ते मले सांगतलं नाही. भेटते, एवढं सांगतलं."

मी ते पुढे आठवडाभर सगळ्यांना नक्कल करून दाखवलं. जेवणाच्या रांगेत हशा व्हायचा. तोही हसायचा.

जानेवारी होता. पाच चाळीसला आम्ही निघालो. एक आणि दोन नंबरच्या पुलिया दुसऱ्या जवानांनी केल्या. तीन नंबर माझ्याकडे होती. तिच्यात पोटरीभर पाणी असायचं आणि वर बर्फाची पातळ साय. एकदा बूट भिजला की रात्रीपर्यंत वाळायचा नाही. चार दिवसांपासून माझ्या पायांना भेगा पडल्या होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही. पाय सगळ्यांचेच फाटले होते.

मी कठड्यावरून वाकलो, टॉर्च मारला, पाणी दिसलं. सहा वाजून दहा मिनिटांनी रेडिओवर म्हणालो, "पुलिया नंबर तीन, क्लिअर, ओव्हर."

याकोब मागून आला. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं.

"तुह्ये बूट कोरडे काहून हायेत?"

मी टॉर्च खिशात घातला.

"उतरला नाही तू?"

"पाह्यलं ना वरून. रोजच्यावाणीच हाये."

"वरून पाह्यलं म्हणजे पाह्यलं नाही. गाड्या येऊन राह्यल्या, लेका."

तो सेक्शन कमांडरला सांगू शकत होता. मला शिक्षा झाली असती, आणि ती योग्यच होती. मला त्याक्षणी राग आला. बाकीचे ऐकत होते. मी म्हणालो, "मंग तू जाय ना. तुहा देव हाये संग."

त्यानं रायफल माझ्या हातात दिली. "हाये," म्हणाला आणि खाली उतरला.

मिनिटभरही झालं नसेल. आतून त्याचा आवाज आला, "वायर! गाड्या थांबव! मागं पय!"

मी रेडिओवर बोललो, "कॉन्व्हॉय रोको, कॉन्व्हॉय रोको. पुलिया नंबर तीन, आयईडी. ओव्हर." मग पळालो. तीसेक पावलं गेलो असेन. तेवढ्यात स्फोट झाला.

कॉन्व्हॉय पलीकडच्या वळणावर थांबला. गाड्यांमधल्या एकालाही खरचटलं नाही.

याकोब पुलियाच्या तोंडाशी पडला होता. तो बाहेर येतच होता. कमरेखालचं मी लिहीत नाही. धुकं होतं, हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही. नर्सिंग असिस्टंटनं इंजेक्शन दिलं, पट्ट्या बांधल्या. अ‍ॅम्ब्युलन्स यायला पन्नास मिनिटं लागली. तेवढा वेळ त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

देवावर भरवसा असलेला माणूस शांतपणे मरतो, असं मला वाटायचं. तसं झालं नाही. तो ओरडला. आईला हाका मारल्या. "दुखून राह्यलं रे, लय दुखून राह्यलं," असं कितीदा म्हणाला, त्याची मोजदाद नाही. मधेच प्रार्थना सुरू करायचा, ती कळेनं तुटायची, मग जिथे तुटली तिथून पुन्हा सुरू करायचा. सोडली मात्र नाही.

मी विचारलं, "भेव लागून राह्यलं काय?"

"लागते ना. पण मी एकटा नाही." थोड्या वेळानं म्हणाला, "तू रडू नको. खरं सांगून देजो फक्त. नाही त तुले जड जाईन."

"माह्यं चुकलं, याकोब."

"मालूम हाये."

त्यानं माझा हात धरला होता. सात वाजून पाच मिनिटांनी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना हात सुटला. रस्त्यातच तो गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, पुलिया कोणी चेक केली? मी म्हणालो, "साब, मैंने नीचे उतरकर चेक की थी. तब कुछ नहीं था." लिहून घेतलं. मी सही केली. माझ्या एका कानावर पट्टी होती. जखमी जवानाला कोणी जास्त विचारलं नाही. ज्या जवानांनी आमचं बोलणं ऐकलं होतं, तेही काही बोलले नाहीत. मला वाचवायचं म्हणून असेल.

त्यानंतर दोन वर्षं मी केनवडच्या फाट्यावरून एसटीनं जायचो आणि मान दुसऱ्या खिडकीकडे वळवायचो. रिठदला लोक हार घालायचे. मी मान खाली करून घ्यायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

या वर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी मी याकोबच्या वस्तीवरच्या कबरस्तानात गेलो. त्या दिवशी त्यांची मंडळी कबरस्तान साफ करतात. गवत काढतात, कबरींना चुना लावतात. ईस्टरला दिवस उगवायच्या आत सगळे तिथे जमून उपासना करतात. याकोबची आई, मार्थामावशी, एकटीच त्याच्या कबरीला चुना देत होती. मी नाव सांगितलं. तिनं ओळखलं. याकोबनं फोनवर सांगितलं होतं म्हणे, रिठदचा एक आहे, लय हसवते. तिथेच मातीत बसून मी सगळं सांगितलं. कोरडे बूट, 'तुहा देव हाये संग', खोटी सही.

ती ऐकत होती. मग तिनं कुंचला बादलीत टाकला.

"दोन सालं तू कुठी होता?"

"इथंच होतो, मावशी."

"निघ इथून."

मी उठलो. फाटकापर्यंत गेलो असेन. मागून तिनं हाक मारली, मी परत आलो. तिचा चेहरा कोरडा होता.

"हे पाह्य. तुले माफ करणं आज मले नाही होत. खोटं नाही सांगत. पण माह्यं लेकरू उठन एक दिवस, हे मी मानतो. त्या दिवशी तुह्यावरच्या रागाचं गाठोडं घेऊन मले त्याच्या पुढं उभं नाही राह्यचं. म्हणून मी सोडून राह्यली. रोज थोडं थोडं. किती सालं लागतीन, मले मालूम नाही." मग बादलीतला कुंचला काढून माझ्यापुढे धरला. "ती पायाकडची बाजू राह्यली हाये. माह्यानं वाकवत नाही."

मी ती बाजू रंगवली. दुसऱ्या दिवशी पहाटे उपासनेला गेलो आणि सगळ्यांसमोर हेच सांगितलं. पाळकांनी मध्ये अडवलं नाही. सोमवारी पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरना पत्र पाठवलं. माझा जबाब खोटा होता, तो बदलावा, जी कारवाई होईल ती मान्य आहे. उत्तर अजून आलेलं नाही. रिठदच्या सरपंचांना यंदा सत्कार ठेवू नका म्हणून सांगितलं, आणि का, तेही सांगितलं.

पत्रात जे लिहिलं तेच इथे लिहितो. लान्स नायक याकोब सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी पुलिया नंबर तीनमध्ये उतरला. त्याच्यामुळे त्या दिवशीचा कॉन्व्हॉय वाचला. उतरायची पाळी माझी होती.