शहाडच्या मेंढरांची फिर्याद

नोकरीतले बरेच गुन्हे विसरलो. शहाडच्या मेंढरांची ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते.

मी कल्याणच्या ठाण्यात फौजदार होतो. माझ्या हाताखालचा एकजण त्याच महिन्यात इंग्रजी रिपोर्टांच्या जोरावर माझ्या वर चढला होता, त्यामुळे मन फारसे निर्मळ नव्हते.

शहाडच्या पोलीस पाटलाने वर्दी दिली. घाटावरून उतरलेल्या दोन धनगर भावांपैकी थोरल्याची मेंढरे देवीचा रोग येऊन मरत होती. धाकट्यानेच टोचून रोग लावला, अशी थोरल्याची फिर्याद. धाकट्याचा कळप धडधाकट. गावाला तेवढे पुरले. मामलेदारसाहेब छत्रीवाला शिपाई घेऊन आले, अत्तराचा रुमाल नाकाला लावून लांबूनच पाहणी केली आणि हुकूम सोडला : उद्या दुपारपर्यंत छडा लागला नाही, तर धाकट्याचाही कळप मारून गाडा.

धाकट्याने काही लपवले नाही. "व्हय, टोचतो. पर माझीच. हलकी देवी आलेल्या मेंढराची खपली काट्यानं कानाच्या शेंड्याला लावायची. मेंढरू जरा तापतं, पर वाचतं. तवर कळप निराळा ठेवायचा. बानं शिकवलं."

"आणि भावाला नाही शिकवलं?"

"दादा तवा रुसून सासुरवाडीला हुता. मागनं त्यानं इचारलं न्हाई."

पंचनाम्याला थोरल्याच्या तळावर गेलो. मेलेली मेंढरे उलटवली. कान साफ, पोटावर काट्याचे सरळ ओरखडे. धाकट्याच्या मेंढरांचे नेमके उलटे.

थोरल्याला विचारले, "एवढी मेंढरं उताणी करून परका माणूस टोचत होता, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

तो काठीने माती उकरू लागला. कोकराला दूध पाजणारी त्याची बायको मात्र उसळली. "सांगा की! भावजींचं झुडपाआडून बघितलं न्हवं? हात तेवढा दिसला, कान न्हाई दिसला!"

"गप गं!"

"आन् खपली मरायला टेकलेल्या मेंढीची. लवकर गुण यावा म्हून!"

थोरला खाली बसला. "शेतकरी खतासाठी रानात त्याचाच कळप बसवत्यात, सायेब. बा बी त्यालाच शिकवून गेला. धाकट्याला इचारू? म्या?"

फिर्याद खोटी ठरली, धाकट्याचा कळप वाचला. थोरल्याची उरलेली मेंढरे धाकट्यानेच ओढ्यापलीकडे वेगळी राखली. साथ आपल्या तत्पर हुकुमामुळे आटोक्यात आली, असे मामलेदारसाहेबांनी वर कळवले.

मत्सरी माणूस टक लावून पाहतो, फक्त विचारत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. वर चढलेला तो अधिकारी माझ्या शेजारच्याच टेबलावर बसे. त्याच्या रिपोर्टांतली इंग्रजी वाक्ये मी चोरून उतरवून घेई; माझ्या रिपोर्टात ती भलत्याच जागी पडत आणि आमचे वरचे साहेब ती तांबड्या शाईने खोडत. विचारले असते तर त्याने आनंदाने शिकवले असते.

पेन्शनीत निघेपर्यंत मी विचारले नाही.