तळमजल्यावरचं घर

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही — आणि आईला तर ते माहीत आहे. तिच्यासमोरच घडलं. पण माहीत असणं वेगळं आणि तोंडाने सांगणं वेगळं, नाही का? तुम्ही मला ओळखत असाल, तर चांगली मुलगी म्हणूनच ओळखत असाल. शिकली, नोकरीला लागली, तरी आईबापाला विसरली नाही — आमच्याकडे असंच बोलतात माझ्याबद्दल.

कासमचाचांपासून सुरुवात करते. शेवटी यायचं त्यांच्याकडेच आहे.

पनवेलला खाडीच्या बाजूला आमची वस्ती होती. त्यांच्या आणि आमच्या घरात फक्त एक पत्रा. पलीकडे चाचांचं शिलाई मशीन. माझी परीक्षा असली की ते मशीन बंद ठेवायचे. ईदची कामं अंगावर असली तरीही. चाची करवादायची, "पेपर तिचे, आणि रोजे आपण धरायचे का बारा महिने?" चाचा हसायचे. "अगं, आपल्या पत्र्याला लागून ग्रॅज्युएट तयार होतेय. जरा दम धर." मी बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पहिलीच. त्यात आईच्या भाकऱ्यांचा वाटा आहे, तसा त्या बंद मशीनचाही आहे. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे चाचांना अर्धांगवायू झाला. हात वाचले, उजवा पाय गेला. भिंत धरून दोन पावलं टाकायची की बसायचं. दर शुक्रवारी त्यांचा पुतण्या रियाज त्यांना उचलून स्कूटरवर मागे बसवायचा, चाचीच्या ओढणीने स्वतःच्या पाठीशी बांधायचा आणि नमाजला न्यायचा. आमच्या दारासमोरच हे चालायचं. ओढणीची गाठ कितीदा तरी मीच मारली आहे. हे लक्षात ठेवा. मी विसरू शकत नाही.

मग झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारती उभ्या राहिल्या आणि घरवाटप सुरू झालं. तक्रारी तर विचारू नका — कुणी एकाच कुटुंबाची दोन करून दोन घरं घेतली, कुणाचा भाडेकरूच मालक ठरला. तळमजला म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी राखीव होता. आमच्या विंगमध्ये तळमजल्याचं एकच घर उरलं होतं आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे: चाचा, पायासाठी, आणि माझी आई, गुडघ्यांसाठी.

आईचे गुडघे दुखायचे, हे खोटं नाही. पण ती बाजारातून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालत यायची, हेही खोटं नाही. तिला तळमजला हवा होता तो खानावळीसाठी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ड्रायव्हर तिच्याकडे जेवायचे. त्यावरच आम्ही वाढलो. "वरती कोन येनार जेवायला?" ती म्हणायची. "डायवर लोकं काय जिने चढतील भाकरीसाठी? धंदा गेला समज."

दाखले सगळ्यांकडेच होते, खरे आणि विकतचे. म्हणून योजनेची माणसं प्रत्यक्ष पाहणीला यायची, आजूबाजूला विचारायची. आमच्याकडे आली ती नेमकी शुक्रवारी दुपारी. चाचांच्या दाराला कुलूप. चाची उरणला लेकीकडे. पाहणीला आलेला तरुण माणूस आमच्या दारात थांबला. मला सुट्टी होती. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. नीट सांगाल. शेजारचे कुठे गेलेत?"

"नमाजला," मी म्हणाले.

इथपर्यंत खरं होतं.

"म्हणजे चालतात?"

माझ्या मागे आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मला वळून बघायची गरजही नव्हती. किती वेळ गेला असेल? एक श्वास. तेवढ्यात ओढणी, स्कूटर, रियाज — सगळं सांगता आलं असतं. लांबलचक गोष्ट नव्हती ती. मला कुणी धमकावलं होतं का? नाही. कुणी शिकवून ठेवलं होतं का? तेही नाही.

मी "हो" म्हटलं. वर — हे कशाला जोडलं, अजून कळत नाही — "जातात की दर शुक्रवारी."

थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

घर आम्हाला मिळालं. चाचांनी तक्रार केली. सुनावणीच्या दिवशी म्हणाले, "बेटा, तू चल. आम्हाला साहेबांशी बोलायला येत नाही." मी गेले. न जाण्याचं कारण काय सांगणार होते? रियाजने त्यांना उचलून आत आणलं. टेबलामागचे साहेब मानही वर न करता म्हणाले, "असे उचलून आणलेले सकाळपासून बरेच झालेत. पाहणीच्या दिवशी तर तुमचे शेजारीच म्हणाले, चालतात म्हणून."

"कोण म्हणालं?" चाचांना खरंच नवल वाटलं. मग माझ्याकडे वळले. "तू रोज बघतेस ना, सांग यांना."

पाहणीचा तो तरुण साहेबांच्या खुर्चीमागेच उभा होता. त्याने मला ओळखलं. आता हा बोलणार, असं वाटलं — बोलावं, असंही वाटलं का? आठवत नाही. त्याने मान खाली घातली.

"साहेब," मी म्हणाले, "त्यांना त्रास होतो."

एवढंच. आधी जे म्हणाले ते खोटं होतं, हे नाही. चालता येत नाही, हेही नाही. त्रास होतो.

"जिन्याचा त्रास सगळ्यांनाच होतो," साहेब म्हणाले. "लिफ्ट आहे की."

चाचांना सहावा मजला मिळाला. लिफ्ट चालू असली तर ते खाली येतात. बहुतेक वेळा ती बंदच असते, त्यामुळे शुक्रवारची नमाज आता घरातच होते. आईची खानावळ चांगली चालते. मी उलव्याला एका बिल्डरच्या ऑफिसात हिशेब बघते.

परवा चाचांना दवाखान्यात न्यायचं होतं. लिफ्ट बंद. रियाज आणि तिघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांना जिन्यावरून उतरवलं. वाटेतल्या चपला, सायकली बाजूला करत मी पुढे चालत होते. खाली रिक्षा उभी होती. त्यात बसताना चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "ही आमच्या शेजारची. सगळे गप्प होते तेव्हा ही एकटी साहेबासमोर आमच्यासाठी बोलली."

रिक्षावाल्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. मी चाचांचा पाय उचलून आत ठेवला.

त्यांना आजही तसंच वाटतं. मी वाटू दिलं आहे.