मरळीचं घर

चाचा माशांच्या जोडीला जोडी म्हणायचे नाहीत, बिऱ्हाड म्हणायचे. "ह्या हौदात एक बिऱ्हाड हाय, त्या तळ्यात दोन." आष्ट्याबाहेर, उसाच्या शेतांमध्ये त्यांचा जमिनीचा लहानसा तुकडा होता. आयुष्यभर पत्र्याच्या ट्रंका बनवलेला हा माणूस साठीनंतर माशांची पैदास करू लागला. मी विश्रामबागेतल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांना दाखवायला मासे हवेत म्हणून एकदा गेले आणि मग जातच राहिले.

नवा मासा आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हिला अंडी कुठं घालायला आवडतंय?" एंजल माशासाठी त्यांनी हौदात कौल तिरकं उभं केलं होतं, गोल्डफिशसाठी जलपर्णीची मुळं सोडली होती. मी एकदा म्हटलं, "चाचा, इंजेक्शन दिलं की मासा अंडी देतो. एवढा खटाटोप कशाला?"

"अंडी दील की मॅडम. पर मन लागंल का त्याचं?"

मी हसले होते.

नदीत वाढणाऱ्या मरळ माशाने मात्र त्यांना तीन पावसाळे दाद दिली नाही. सिमेंटच्या हौदात त्यांनी जलपर्णी टाकून पाहिली, नारळाचा काथ्या सोडून पाहिला. नर खालून एक चक्कर मारायचा आणि कोपऱ्यात जाऊन पडायचा. चौथ्या वर्षी चाचांनी मातीच्या तळ्याचा एक काठ स्वतःच्या हाताने उतरता केला. नदीकाठचं गवत मुळासकट आणून गुडघाभर पाण्यात लावलं. जुलैत फोन आला. "मॅडम, या. घर बांधलंय."

गवत बाजूला सारून नराने मधोमध परातीएवढी जागा मोकळी केली होती. तिथे मोहरीएवढी पिवळी अंडी तरंगत होती आणि खाली तो स्वतः राखण करत होता. चाचींनी काठावर चहा आणून दिला. तो तसाच निवला. त्या दुपारी बांधापलीकडे शेजारचा शेतकरी तानाजी पाठीवर पंप घेऊन उसात तणनाशक मारत होता. वारा आमच्या बाजूला होता. त्याने हात केला, मीही केला.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा सगळी अंडी मरून पांढरी पडली होती. मी बोट पाण्याजवळ नेलं तर नर अंगावर धावून आला.

"त्याला अजून कळलं न्हाई," चाचा म्हणाले.

तानाजीला सांगायला मी उठले, तर त्यांनी मला थांबवलं. "नगा. त्यानं मुद्दाम केलं न्हाई. कळलं तर ह्या बांधावरनं जन्मभर मान खाली घालून जाईल."

"मी त्याला फवारताना बघितलं होतं, चाचा. मला तरी कळायला हवं होतं."

त्यांनी वाकून गवताची एक आडवी काडी सरळ केली. मग म्हणाले, "मीबी बघितलं व्हतं."

त्यानंतर त्यांनी मरळ पाळली नाही. दिवाळीच्या आधी ती जोडी त्यांनी बादलीतून नेली आणि कृष्णेत सोडून दिली. तळ्याकडे जाणं कमी झालं. मी गेले तर दारातल्या खाटेवर बसून कॉलेजातल्या पोरांच्या परीक्षांबद्दल विचारायचे. माशांचा विषय काढला की चाचींना हाक मारून चहा ठेवायला सांगायचे. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मी पोचले तेव्हा माती देऊन माणसं परतली होती. तानाजी ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. खांदा देऊन आलेला, डोळे सुजलेले.

"मॅडम, तुमी शिकलेल्या," तो म्हणाला. "चाचांच्या मरळीची अंडी कशानं गेली वं? मी लय येळा इचारलं. कवा सांगितलंच न्हाई."

आतल्या दारात चाची उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"ऊन फार पडलं त्या दिवशी," मी म्हणाले.

तानाजीने मान हलवली. चाची डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.