दादाने देऊ केलेला गणूमामा

आधीच सांगते, या ग्रुपवर मी आहे ती लोकांची खेचायला. कुणी लिहिलं की घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली, की खाली "साडी कुठून घेतली ते विचारलं का?" असली कमेंट माझीच असते. जुन्या मेंबर्सना आठवत असेन. भूत, बाधा, करणी – यातलं काही मी कधी मानलं नाही. अंधेरीला एका इन्शुरन्स ऑफिसात क्लेम्स बघते, म्हणजे लोकांच्या गोष्टींवर विश्वास न ठेवण्याचाच पगार घेते. पण गेल्या वर्षी जे झालं ते आता पोटात ठेवून जीव घाबरा व्हायला लागलाय, म्हणून लिहितेय. खेचायची असेल तर खुशाल खेचा, या वेळी माझी पाळी.

माझा भाऊ – दादा – माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आता वहिनीबरोबर मुलुंडला राहतो. आम्ही वाढलो घाटकोपरला, दोन खोल्यांत. मस्कतच्या काकांनी एकदा हातात धरून खेळायचा गेम आणला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गवतातून, गुहेतून फिरायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना पाळायचं, मोठं करायचं आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी लढवायचं. बस. ऐकायला पोरकट वाटतं. पण एकदा का लागला की संपलं.

यंत्र एक, कॅसेट एक, आणि कॅसेटमध्ये एकच खेळ सेव्ह व्हायचा. भावंडं दोन. म्हणजे खेळ दादाचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघणारी! सुरुवातीला खेळाडूचं नाव टाकायचं असतं, ते तेवढं मला टाकू दिलं होतं. मी त्याला ज्या नावाने हाक मारायचे तेच टाकलं – 'दादा'. तो क्लासला गेला की मला खेळायची परवानगी, पण फक्त गवतात फिरायचं. काही पकडायचं नाही, सेव्ह तर अजिबात करायचं नाही.

त्यात एक दगडाचा प्राणी होता. कपाळाला आठ्या, गाल बसलेले, सदा रागावलेला. हुबेहूब आमच्या मालवणच्या गणूमामासारखा. दादाने पकडल्या पकडल्या त्याचं नावच 'गणूमामा' ठेवलं आणि आम्ही दोघं इतके हसलो की आईने लाटणं दाखवलं. पुढे तोच दादाचा सगळ्यात लाडका झाला. पण गेममध्ये एक भानगड होती. काही प्राणी पूर्ण वाढायचे तर त्यांची दुसऱ्या खेळाडूबरोबर अदलाबदल करावी लागायची. ट्रेड. त्याला लागायची दोन यंत्रं आणि मध्ये वायर. आमच्याकडे कुठली दोन यंत्रं! गणूमामा तसाच अर्धवट वाढलेला राहिला. एकदा दादाच्या मित्राकडे सगळं सामान आलं, तो म्हणाला चल करू, दोन मिनिटांत परत देतो. दादाने साफ नाही म्हटलं. न जाणो, परत दिलाच नाही तर?

मीही मागायचे. "दादा, मला दे ना गणूमामा."

"मी मेल्यावर घे. तोपर्यंत हात लावायचा नाही."

यात विशेष काही नव्हतं हो. खिडकीची जागा असो, जाड गोधडी असो, आमच्याकडे सगळ्याला हेच उत्तर होतं.

दादा नोकरीला लागल्यावर कधीतरी त्या कॅसेटमधला, सेव्ह केलेला खेळ जपणारा छोटा सेल संपला. यंत्र चालू केलं तर 'नवीन खेळ' एवढंच दिसत होतं. सगळं पुसलं गेलं होतं. आई म्हणाली, "अरे खेळच तो." दादा त्या दिवशी नीट जेवलाही नाही.

आणि गेल्या वर्षी त्याच गेमचा रिमेक आला. आम्ही दोघांनी घेतला. वय बघा आमची! मग रोज फोन. दादाची कुरकुर चालूच. "स्वाते, गुहेत अंधारच नाही ठेवला यार. आणि हे सारखं इकडे जा, तिकडे जा काय सांगतात? आम्ही आठवडा आठवडा हरवायचो, तीच तर मजा होती." शिव्याही घालायचा आणि रात्रंदिवस खेळायचाही. मी विचारलं, "गणूमामा पकडलास का?" तर म्हणाला, "तो दगड दिसला गं. सोडला. गणूमामा एकच." हे लक्षात ठेवा. नव्या गेममध्ये त्याच्याकडे गणूमामा नव्हता. जुन्यातला पुसला गेला होता. आणि जुन्यातलं काही नव्यात आणायची सोयच नाही.

मग दादाला जिना चढताना छातीत कळ आली. तपासण्या, धावपळ, आणि डॉक्टर म्हणाले बायपास करावी लागेल. मुलुंडमधलंच हॉस्पिटल, नाव लिहीत नाही. ऑपरेशनच्या सकाळी आत नेताना दादाने त्याची बॅग माझ्याकडे दिली. आत चष्मा, टॉवेल आणि ते गेमचं यंत्र. बॅटरी संपलेली. वहिनीने चार्जर मुद्दाम घरी ठेवला होता, "आधी बरे व्हा, मग काय ते प्राणी पकडा" म्हणून.

दुपार झाली. वेटिंग रूममध्ये मी, वहिनी, एक म्हातारं जोडपं आणि कुणाचे तरी काका, मान मागे टाकून घोरणारे. वहिनीच्या हातात जपमाळ. माझ्या हातात काय असणार! बोटांना काहीतरी उद्योग हवा म्हणून मी माझा गेम काढला. लोकांना वाटलं असेल काय बाई आहे, भाऊ आत आणि ही खेळतेय. वाटू दे.

मी गुहेत फिरत होते. तेवढ्यात टिंग वाजलं आणि स्क्रीनवर पाटी आली – जवळच्या एका खेळाडूला तुमच्याशी ट्रेड करायचा आहे. खेळाडूचं नाव: दादा.

मी आधी आजूबाजूला पाहिलं, कुणाचं तरी पोर खेळत असेल. पोर नव्हतंच कुठे. काका घोरत होते. मग वाटलं दादाचंच यंत्र बॅगेत चुकून चालू झालं असेल. बॅग माझ्या पायाशीच होती. काढून बघितलं. बंद. बटण दाबलं, धरून ठेवलं... ढिम्म. एका हातात ते मेलेलं यंत्र आणि दुसऱ्या हातात माझं, त्यावर 'दादा' वाट बघतोय.

मी 'हो' दाबलं. खोटं कशाला बोलू, कुतूहल म्हणून दाबलं. पुढची पाटी आली, समोरचा काय देऊ करतोय त्याची. दगडाचं ते तोंड. कपाळाला आठ्या, गाल बसलेले. रिमेकमधलं चकाचक चित्र नाही हो, जुनं, करडं, चौकोनी ठिपक्यांचं. आणि खाली नाव – गणूमामा.

खाली विचारलं होतं, स्वीकारायचा? हो किंवा नाही.

आणि माझं बोट 'हो'वर गेलं! लहानपणापासून मागत होते मी त्याला. दादा स्वतःहून देतोय... आणि तिथेच डोक्यात वीज पडली. दादा गणूमामा देणार नाही. जिवंत असताना तर नाहीच नाही.

मी 'नाही' दाबलं.

परत टिंग. परत दादा. परत गणूमामा. नाही. परत टिंग. मला यंत्र बंद करायचीही भीती वाटत होती. वाटलं, बंद केलं तर तो तिकडे एकटा हात पुढे करून उभा राहील. नाही, नाही, नाही. किती वेळा दाबलं देव जाणे. शेवटी मी मोठ्याने ओरडलेच, "नको मला! तुझा तू ठेव! ऐकतोस का, नको!" काका दचकून उठले.

वहिनी धावत जवळ आली. "स्वाती, काय झालं गं?" मी स्क्रीन तिच्यापुढे धरली. वहिनीला गेममधलं ओ की ठो कळत नाही. तिने नीट वाचलं आणि म्हणाली, "अगं, गणूमामांचं नाव कशाला यात?" म्हणजे तिलाही दिसत होतं. मी एकटीने पाहिलेलं नाही हे.

तिच्यासमोर मी पुन्हा एकदा 'नाही' दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाटी आली, समोरचा खेळाडू निघून गेला. आणि परत ती गुहा.

निघून गेला म्हणजे काय? कुठे गेला? परत आत आला की बाहेर... मी वहिनीचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगडीचा वण माझ्या तळव्यावर उठला. मी ढसाढसा रडत होते. मला खात्रीच झाली की मी चुकीचं बटण दाबलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. मास्क खाली केला. म्हणाले, "ऑपरेशन व्यवस्थित झालंय. ऑपरेशनभर हृदयाचं काम करणारं मशीन काढताना हृदय सुरू व्हायला फार वेळ घेत होतं, आम्हालाही जरा टेन्शन आलं होतं. मग झालं सुरू. आता ठीक आहे." वहिनी मटकन खाली बसली. मी डॉक्टरांच्या पाया पडायचीच बाकी होते.

इथपर्यंत मी स्वतःला समजावलं असतं. टेन्शन होतं, झोप नव्हती, जवळपास कुणी खेळत असेल, आम्हा दोघींना भलतंच दिसलं असेल. कसलेला क्लेम्सवाला कुठलाही दावा फेटाळू शकतो.

दुसऱ्या दिवशी आयसीयूत सोडलं. दादाच्या तोंडातली नळी काढलेली होती, डोळे अर्धे मिटलेले. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर, आम्ही आदल्या दिवशी खाली होतो, म्हणजे माझं ओरडणं त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, सांगणार तरी काय? मी हळूच म्हटलं, "दादा, स्वाती आलेय."

त्याने मान वळवली. आणि आई गेल्यापासून ज्या मालवणीत तो एक शब्द बोलला नव्हता, त्या मालवणीत, कुरकुरत म्हणाला, "कित्याक नाय म्हणत होतंस गो? हात दुखाक लागलो माझो."

मी वाकून विचारलं, "कशाला नाही म्हणत होते, दादा?"

"गणूमामाक," म्हणाला, आणि झोपला.

वहिनी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. आम्ही एकमेकींकडे बघितलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "यांना सांगू नकोस हं कधी."

दादाला यातलं काही आठवत नाही. मी आडून आडून विचारलं, तर म्हणतो, "भुलीत माणूस काय वाट्टेल ते बडबडतो गं." स्क्रीनशॉट कुठे आहे म्हणून विचारणार असाल तर नाही काढला. भाऊ आत होता माझा, फोटो काय काढते! गेममध्ये ट्रेडची हिस्ट्री असते, त्यात त्या दिवशीचं काहीच नाही. मी एका गेम-रिपेअरवाल्याला विचारलं, असं होऊ शकतं का. तो म्हणाला, "मॅडम, बंद यंत्र रिक्वेस्ट कसं पाठवेल?" खरे गणूमामा मालवणात ठणठणीत आहेत, आंब्यावरून शेजाऱ्यांशी भांडतायत.

दादा आता बरा आहे. सकाळी चालायला जातो, वहिनी मीठ मोजून देते. रविवारी मी मुलुंडला जाते आणि आम्ही शेजारी बसून खेळतो. आता दोन यंत्रं आहेत, वायरही लागत नाही. मागच्या रविवारी खेळता खेळता तो म्हणाला, "स्वाते, तो दगड पकडला एकदाचा. नाव काय ठेवलं असेल सांग? चल, ट्रेड करून टाकू, मोठा तरी होऊ दे बिचारा." आणि माझ्या स्क्रीनवर टिंग झालं.

तो हसत होता, त्याच्या शर्टाच्या वरच्या बटणातून टाक्यांचा व्रण दिसत होता. स्वयंपाकघरातून वहिनी ताट हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली.

मी 'नाही' दाबलं.

"काय गं?"

"नकोय मला," म्हटलं. "तुझ्याकडेच ठेव."